आकडा जुळला, आई विमानातच राहिली

इंद्रायणीकाठ

नमस्कार. गेल्या डिसेंबरात माझी ७४ वर्षांची आई बेंगळुरूहून पुण्याला रात्रीच्या शेवटच्या विमानाने एकटी आली आणि लोहगावला सगळे प्रवासी उतरून गेल्यानंतर, दिवे मालवलेल्या विमानात जवळजवळ ३५ मिनिटे एकटीच बसून राहिली. तिला शारीरिक इजा झाली नाही, पण त्यानंतर दोन महिने तिने घरातला दिवा रात्री बंद करू दिला नाही. विमान कंपनीचे नाव मी इथे लिहिणार नाही. तक्रार जिथे करायची तिथे केली आहे. हे घडते कसे, हे मला जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे.

आईच्या दोन्ही गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया झाल्या आहेत, म्हणून तिकीट काढतानाच मी व्हीलचेअरची नोंद केली होती. तिची जागा २७व्या रांगेत होती. विमान टर्मिनलपासून लांब उभे केले होते, त्यामुळे इतर प्रवासी शिडीने उतरून बसने गेले आणि व्हीलचेअरच्या चार प्रवाशांना 'अँबुलिफ्ट येईपर्यंत बसून राहा' असे सांगण्यात आले. अँबुलिफ्ट म्हणजे शिडी उतरू न शकणाऱ्या प्रवाशांना विमानाच्या दारातून खाली उतरवणारी, वर-खाली होणाऱ्या कक्षाची गाडी. बराच वेळ काही हालचाल दिसेना म्हणून आई मागच्या स्वच्छतागृहात गेली, आणि नेमकी तेव्हाच अँबुलिफ्ट आली. एका वृद्ध गृहस्थांनी व्हीलचेअरची नोंद केलेली नव्हती, पण शिडी उतरणे त्यांना जमेना म्हणून तेही थांबले होते. ते या गटाबरोबर अँबुलिफ्टमध्ये बसले. यादीत चार नावे होती आणि समोर चार माणसे बसली होती, त्यामुळे मोजणाऱ्याला काही वावगे वाटले नाही.

आई बाहेर आली तेव्हा पुढे कोणीच नव्हते. थोड्या वेळाने हवा खेळवण्याचा आवाज थांबला आणि दिवे गेले. ती चाचपडत आपल्या जागेवर जाऊन बसली. फोन अजून विमान-मोडवरच होता आणि तो कसा बदलायचा हे अंधारात तिला आठवेना. मी बाहेर उभी राहून तिला सतत फोन लावत होते. मदतकक्षावर मला तीन वेळा एकच उत्तर मिळाले की व्हीलचेअरचे चारही प्रवासी बाहेर आले आहेत. मी हटून बसले तेव्हा कुठे कोणीतरी वायरलेसवर विचारणा केली, पण तो निरोप पोहोचण्याआधीच एक सफाई कर्मचारी आत चढला आणि टॉर्चच्या उजेडात त्याला आई दिसली.

नंतर मी तिला विचारले, की तू हाक का मारली नाहीस, दार का वाजवले नाहीस? ती म्हणाली, "थांबायला सांगितलं होतं ना त्यांनी."

माझा प्रश्न साधा आहे. विमानात चढताना बोर्डिंग पास दोन ठिकाणी तपासतात, आत आल्यावर पुन्हा माणसे मोजतात. उतरताना कोणीच का मोजत नाही?

उत्तरध्रुव

आईंना नमस्कार सांगा. वाचताना हात थरथरले.

मी टोरांटोजवळ राहतो. इथल्या पिअर्सन विमानतळावर जून २०१९ मध्ये घडलेली घटना आमच्याकडे अनेक दिवस चर्चेत होती. क्युबेक शहराहून टोरांटोला येणाऱ्या एअर कॅनडाच्या विमानात एका महिलेला झोप लागली. हा प्रवास जेमतेम दीड तासाचा आहे. मध्यरात्रीच्या सुमारास तिला थंडीने जाग आली तेव्हा ती पट्टा बांधलेल्या स्थितीत आपल्या आसनावरच होती, भोवती काळोख होता आणि विमान टर्मिनलपासून दूर उभे करून सर्वजण निघून गेले होते. फोनची बॅटरी संपत आली होती. मैत्रिणीशी एक मिनिटही बोलणे झाले नाही तोच फोन बंद पडला. आसनाजवळच्या यूएसबी जोडणीत फोन लावून पाहिला, तर विमानाची वीजच बंद होती. चाचपडत ती वैमानिकांच्या कक्षात गेली, तिथे तिला एक टॉर्च सापडला. शेवटी तिने मुख्य दार उघडले, तर खाली शिडी नव्हती. दारातून पाय बाहेर सोडून ती टॉर्चचा प्रकाश पाडत राहिली आणि सामानाच्या गाडीवरच्या एका माणसाचे तिच्याकडे लक्ष गेले. दरम्यान मैत्रिणीने विमानतळाला फोन करून कळवले होतेच.

मैत्रिणीने हे सारे फेसबुकवर लिहिल्यावर ते जगभर पसरले. विमान कंपनीने घटना घडल्याचे मान्य केले आणि चौकशी सुरू केल्याचे सांगितले. त्या महिलेला नंतर कित्येक रात्री भीतीने जाग येत असे, असे तिने म्हटले होते. तुमच्या आईंनी दिवा चालू ठेवला हे वाचून मला तेच आठवले.

शेफालिका

मी अकरा वर्षे केबिन क्रूमध्ये होते आणि दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडली. मूळ प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करते, आणि त्यात माझ्या पेशाची बाजू सावरून घेणार नाही.

चढताना मोजतात, कारण तो आकडा कागदावरच्या आकड्याशी जुळल्याशिवाय विमान निघूच शकत नाही. वजनाचा हिशेब त्यावर अवलंबून असतो. शिवाय ज्याचे सामान चढले तो माणूस आत आहे की नाही, हा सुरक्षेचा प्रश्न असतो. उतरताना असा कुठलाच कागद आकड्याची वाट पाहत नसतो. उतरल्यावर आम्ही मोजत नाही, आम्ही पाहतो. शेवटचा प्रवासी गेला की क्रूने आपापल्या भागातून मागून पुढे किंवा पुढून मागे चालत जायचे, प्रत्येक रांग, वरचे कप्पे, आसनांखालची जागा आणि प्रत्येक स्वच्छतागृह दार उघडून बघायचे, आणि मग प्रमुखाला 'माझा भाग रिकामा' असे सांगायचे. ही पाहणी मुळात विसरलेल्या किंवा मुद्दाम ठेवलेल्या वस्तूंसाठी असते, पण जी नजर पिशवी शोधते तिला माणूस दिसायलाच हवा.

तुमच्या आईंच्या बाबतीत मागच्या स्वच्छतागृहाचे दार कोणी उघडले नाही, ही चूक क्रूची आहे. अँबुलिफ्टमध्ये चार माणसे दिसल्यावर मनाने आधीच ठरवून टाकले असणार की विमान रिकामे झाले, आणि त्यानंतरची पाहणी नावापुरती झाली असणार. असे होताना मी स्वतः पाहिले आहे. दिवसाचे चौथे उड्डाण, बाहेर क्रूची गाडी उभी, घड्याळात ड्युटीचे तास संपत आलेले, अशा वेळी पाय भराभर उचलले जातात. हे कारण आहे, सबब नव्हे.

दिवसा अशी चूक झाली तरी ती अर्ध्या तासात उघडी पडते, कारण सफाईवाले चढतात, नवा क्रू येतो, पुढचे प्रवासी येतात. धोका असतो तो रात्रीच्या शेवटच्या उड्डाणाला. तुमचे उदाहरण आणि टोरांटोचे उदाहरण, दोन्ही रात्रीची आहेत, हा योगायोग नाही.

सुलेखन

सर्व सहानुभूती बाळगून एक वेगळा मुद्दा मांडतो. व्हीलचेअरच्या प्रवाशांची गोष्ट निराळी आहे, पण धडधाकट माणसाने विमान उतरताना, इतका गोंगाट चालू असताना झोपून राहावे, यात त्याची स्वतःची काही जबाबदारी नाही का? एसटीत झोपलेला माणूस आगारात पोहोचला तर आपण कंडक्टरलाच सर्वस्वी दोष देत नाही.

मौनराग

सुलेखन, तुम्हाला गोंगाट ऐकू येतो म्हणून तुम्ही असे लिहू शकलात. मला दोन्ही कानांनी फारच कमी ऐकू येते. उड्डाण करताना आणि उतरताना कानांवर दाब येतो, त्यामुळे मी श्रवणयंत्रे काढून डबीत ठेवते. त्या वेळी केलेली एकही घोषणा माझ्यापर्यंत पोहोचत नाही. खिडकीकडे डोके टेकून मला झोप लागली आणि शेजारची जागा रिकामी असली, तर मला जागे करणारे जगात काहीही उरत नाही. एकदा दुपारच्या उड्डाणात एका क्रूने खांद्याला हात लावून मला उठवले तेव्हा भोवतालची सर्व आसने रिकामी होती. तिने तो हात लावला नसता तर काय झाले असते, याचा विचार मी त्या दिवशी केला नव्हता. आज हा धागा वाचून केला.

काहींना औषधाने गुंगी येते, कोणाची रक्तातली साखर उतरलेली असते, कोणी बेशुद्धही असू शकतो. आसनावर स्तब्ध असलेला माणूस 'नुसता झोपला आहे' हे जवळ जाऊन पाहिल्याशिवाय कोणी ठरवू शकत नाही. म्हणून ते पाहणे हे पाहणाऱ्याचेच काम आहे.

सुलेखन

मौनराग, तुमचे म्हणणे पूर्णपणे पटले. मी तसा विचार केला नव्हता. एसटीची तुलना मागे घेतो.

हँगर_तीन

मुंबईत ३१ वर्षे विमान देखभालीत काढली आणि आता निवृत्त आहे. रात्री उभ्या केलेल्या विमानात नेमके काय चालू आणि काय बंद असते, हे थोडे विस्ताराने लिहितो, कारण अशा प्रसंगी माणसाच्या मनात येणाऱ्या निम्म्या भीती अनाठायी असतात आणि जो खरा धोका असतो तो त्याच्या लक्षात येत नाही.

विमान थांबून इंजिने बंद झाली की वीज आणि थंड हवा शेपटीतल्या लहान इंजिनाकडून, म्हणजे एपीयूकडून येते, किंवा जमिनीवरून जोडलेल्या केबलकडून. रात्रभर उभे ठेवायचे असेल तर हे दोन्ही बंद करतात आणि बॅटरीही बंद करतात. इंद्रायणीकाठ यांच्या आईंना जो आवाज थांबल्याचे जाणवले तो याचाच. त्यानंतर दिवे नाहीत, क्रूला बोलावण्याचे बटण नाही, आतला टेलिफोन नाही, फोन चार्ज करण्याची सोय नाही. शिडी काढून नेतात, आणि आमच्याकडे अशा वेळी दारांवर सुरक्षेचे सीलही लावत असत.

गुदमरण्याची भीती मात्र बाळगू नये. जमिनीवर उतरल्यावर केबिनमधला दाब सोडणारी झडप पूर्ण उघडते, त्यामुळे उभे विमान हवाबंद डबा नसते, आणि १८० माणसांसाठी बांधलेल्या जागेतली हवा एका माणसाला कितीतरी तास पुरते. खरी भीती तापमानाची असते. टोरांटोच्या बाईंना थंडी वाजली. आपल्याकडे मे महिन्यात नागपूरच्या उन्हात, वीज बंद असलेल्या विमानात दुपारी कोणी अडकले, तर तास-दोन तासांतच जिवावर बेतू शकते.

आता दाराबद्दल. विमानाची दारे आतून कुलूपबंद करता येत नाहीत. ती आतून नेहमीच उघडता यावीत अशी रचना असणे सक्तीचे आहे. उड्डाणात ती उघडत नाहीत ती आतल्या दाबामुळे, आणि जमिनीवर तो दाब नसतो. म्हणून उभ्या विमानाचे दार एक सामान्य माणूस उघडू शकतो, आणि तिथेच सर्वात मोठा धोका आहे. विमान उभे राहिले की क्रू आपत्कालीन घसरगुंडी निष्क्रिय करतो. तशा अवस्थेत दार उघडले की घसरगुंडी फुगत नाही आणि समोर थेट पोकळी येते. घसरगुंडी चुकून सक्रियच राहिलेली असेल तर ती इतक्या जोराने फुगते, की समोर कोणी असल्यास गंभीर दुखापत होते. टोरांटोच्या बातम्यांत ४०-५० फुटांची उंची आली होती. भेदरलेल्या माणसाला काळोखात तसे वाटणे स्वाभाविक आहे, परंतु एअरबस ३२० जातीच्या विमानाच्या दाराचा उंबरठा जमिनीपासून साधारण साडेतीन मीटरवर, म्हणजे ११-१२ फुटांवर असतो आणि बोइंग ७७७ सारख्या मोठ्या विमानाचा पाच मीटरच्या आसपास. खाली काँक्रीट असते. हाडे मोडायला तेवढी उंची पुष्कळ झाली.

म्हणून माझा आग्रह आहे की दाराला हात लावू नका. फोन चालू असेल तर ११२ हा आपत्कालीन क्रमांक लावा आणि विमानतळाचे नाव, उड्डाणाचा क्रमांक आणि आपण विमानाच्या आतच आहोत हे सांगा. फोन बंद असेल तर क्रूच्या घडीच्या आसनांजवळ, दाराशेजारी, टॉर्च बसवलेले असतात. ते जागेवरून काढले की पेटतात. वीज गेल्यावर वैमानिक कक्षाच्या दाराचे विजेवरचे कुलूपही सुटते, त्यामुळे त्या बाईंना आत जाता आले यात नवल नाही. तिथल्या कोणत्याही कळीला स्पर्श करू नका, पण पुढच्या मोठ्या काचांतून टॉर्च हलवत राहा. रात्री विमानतळावर गाड्या फिरतच असतात आणि अंधाऱ्या विमानात हलणारा उजेड त्यांना चटकन खटकतो.

उत्तरध्रुव

हँगर_तीन, उंचीचा खुलासा फार मोलाचा आहे. आणखी दोन घटना वाचनात आहेत. डिसेंबर २०१३ मध्ये लुइझियानातल्या लाफायेटहून ह्यूस्टनला गेलेल्या छोट्या विमानात एक प्रवासी झोपेत मागे राहिला. त्याचा फोन चालू होता म्हणून त्याने आपल्या मैत्रिणीला कळवले, पण तिचा आधी विश्वासच बसेना. २०१० मध्ये फिलाडेल्फियात मध्यरात्रीनंतर उतरलेल्या विमानात एक महिला जवळजवळ चार तास झोपून राहिली आणि नंतर तिने कंपनीवर दावा लावला. ही दोन्ही प्रादेशिक मार्गांवरची लहान विमाने होती.

शेफालिका

लहान विमान हा महत्त्वाचा धागा आहे. नियमानुसार साधारण प्रत्येक ५० आसनांमागे एक क्रू असतो, म्हणजे ५० आसनांच्या विमानात एकच. ती एकटी दारात उभी राहून प्रवाशांना निरोप देते, तीच सामान देते, तीच मागे जाऊन पाहते. दुसऱ्या डोळ्यांची जोडी नसते. मोठ्या विमानात चारजण असूनही आईंच्या वेळी हे घडले, याचे मला अधिक वाईट वाटते.

रॅम्पवरचा

प्रवाशांबद्दल सगळे लिहीत आहेत, पण विमानात मागे राहणारे आमच्यातही असतात. मी मुंबई विमानतळावर सहा वर्षे सामान चढवण्याचे काम केले. डिसेंबर २०२१ मध्ये मुंबईहून अबू धाबीला गेलेल्या इंडिगोच्या विमानात एक लोडर सामानाच्या कप्प्यात झोपला आणि दार बंद होऊन विमान उडाले. अबू धाबीला दार उघडल्यावर तो सापडला. तो सुखरूप होता. तिथे त्याची वैद्यकीय तपासणी झाली आणि त्याला परत पाठवले. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने चौकशी लावली होती.

लोकांना वाटले की खाली हवा नसते, तर तो वाचला कसा. या विमानांच्या सामानाच्या कप्प्यातही दाब केबिनइतकाच राखलेला असतो, म्हणून तो वाचला. अमेरिकेत एप्रिल २०१५ मध्ये सिअॅटलहून लॉस एंजेलिसला निघालेल्या अलास्का एअरलाइन्सच्या विमानात असेच झाले होते. खालून ठोकण्याचा आवाज आला आणि वैमानिकाने १४ मिनिटांत विमान परत उतरवले.

त्या कप्प्यात माणसाला झोप का लागते, हे मी अनुभवाने सांगतो. तिथे उभे राहता येत नाही, गुडघ्यांवर बसून पंधरा-वीस किलोच्या बॅगा ओढायच्या असतात, आणि दुहेरी पाळी केलेल्या माणसाला दोन ट्रॉल्यांच्या मध्ये पाच मिनिटे मिळाली की शरीर आपोआप आडवे होते. दार लावण्याआधी टोळीप्रमुखाने आपली माणसे डोळ्यांनी पाहून मोजावीत, हा नियम आमच्याकडेही होता. घाईत 'सगळे उतरले का?' अशी हाक मारली जाते, आणि झोपलेला माणूस तिला उत्तर देत नाही.

कलम_कागद

कायद्याच्या बाजूने थोडक्यात. आंतरराष्ट्रीय प्रवासाला १९९९चा माँट्रियल करार लागू होतो आणि भारताने तो १९७२च्या हवाई वाहतूक कायद्यात २००९ मध्ये अंतर्भूत केला. विमानात किंवा चढता-उतरताना झालेल्या अपघातातील शारीरिक इजेची जबाबदारी त्यात वाहकावर आहे. निव्वळ मानसिक त्रासाची भरपाई त्याखाली मिळवणे अवघड जाते. देशांतर्गत प्रवासात, इंद्रायणीकाठ यांच्यासारख्या प्रकरणात, ग्राहक संरक्षण कायदा २०१९ अन्वये सेवेतील त्रुटी म्हणून जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते आणि त्यासाठी घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे. त्याआधी विमान प्रवाशांच्या तक्रारींसाठी असलेल्या सरकारी एअरसेवा पोर्टलवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवा. बोर्डिंग पास, व्हीलचेअरच्या नोंदीचा पुरावा आणि त्या रात्री तुम्ही लावलेल्या फोनची यादीही ठेवा. त्या यादीतल्या वेळा तुमचा सर्वात भक्कम पुरावा ठरतील.

इंद्रायणीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. फोनची यादी काढून ठेवली आहे. ९ वाजून ५२ मिनिटांपासून १० वाजून ३१ मिनिटांपर्यंत मी २३ वेळा फोन लावला होता.

शेफालिका यांच्या 'मोजत नाही, पाहतो' या वाक्याने माझा प्रश्न सुटला आणि बदललाही. मी आजवर मोजणीचा आग्रह धरत होते, पण आईच्या वेळी मोजणी तर झालीच होती. तिथे नावे विचारायला हवी होती, किंवा २७व्या रांगेपर्यंत चालत जायला हवे होते. कंपनीला पाठवलेल्या पत्रात मी आता एवढीच मागणी ठेवली आहे, की व्हीलचेअरच्या प्रवाशांना नेताना आकडा न विचारता नाव आणि आसन क्रमांक विचारावा, आणि यादीतले शेवटचे नाव उच्चारले जाईपर्यंत अँबुलिफ्टचे दार लावू नये.

शेफालिका

याला जोडून वृद्ध प्रवाशांच्या कुटुंबीयांसाठी लिहिते. शक्य असेल तर पुढच्या रांगांतली जागा घ्या. चढतानाच क्रूपैकी एकीला नाव आणि आसन सांगून 'यांना उतरवून घ्यायचे आहे' असे तोंडी सांगा. तोंडी सांगितलेले लक्षात राहते. आणि 'बसून राहा' असे सांगितले असले तरी क्रू दिसेनासा झाला की उठायचे, हाक मारायची, हे घरून निघतानाच बजावून ठेवा. आपल्या आधीच्या पिढीला सांगितलेले मोडवत नाही.

इंद्रायणीकाठ

हा धागा काल रात्री मी आईला वाचून दाखवला. टोरांटोच्या बाईंची हकीकत तिने दोनदा वाचायला लावली. मग तिने मला एक राहिलेली गोष्ट लिहायला सांगितली. त्या सफाई कर्मचाऱ्याने तिला पाहिल्यावर आधी टॉर्च स्वतःच्या तोंडावर धरला, म्हणजे तिला तो माणूस दिसावा, आणि मग विचारले, "आज्जी, तुम्ही अजून इथं?" शिडी आणि व्हीलचेअर येईपर्यंत तो शेजारच्या आसनावर बसून राहिला. आई म्हणाली की टॉर्च त्याने एकदाही बंद केला नाही.